चौदा नंबरचा सेल

मोठ्या साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेनचं टोपण स्वतःच काढून दिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने तिला टोपण काढून पेन द्यायची ही पहिलीच वेळ. त्यावरूनच तिने ओळखलं, की या कागदात काहीतरी काळंबेरं आहे.

"मी वाचते आधी," ती म्हणाली.

"वाचा की. नेहमीचंच आहे."

नेहमीचं नव्हतं. उताराच्या खालच्या भागातील चौदा क्रमांकाच्या यंत्राचा सेल संपल्यामुळे दरड सरकल्याची सूचना मिळू शकली नाही, सेल मुदतीत बदलला गेला नाही, आणि ही बाब देखभाल कर्मचाऱ्यास मान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली तिचं नाव, हुद्द्यासकट, टंकलेखकाने एकही चूक न करता छापलेलं. एरवी या ऑफिसात तिचं नाव कुणी धड लिहीत नसे. सगळे तिला सेलताई म्हणत.

"साहेब, चौदाचा सेल मी पाच आठवड्यांपूर्वी बदललाय."

"असेल. पण सेल खराब निघू शकतो ना?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, सेल म्हणजे वस्तू. वस्तू संपते. यात कुणाचा दोष नाही. तुम्हाला साधी नोटीससुद्धा निघणार नाही, हा माझा शब्द. चार माणसं गेलीत, वरून विचारणा होतेय, काहीतरी कारण द्यावं लागतं."

टेबलाच्या टोकाला चष्मेवाला इंजिनिअर बसला होता. उतारावरच्या यंत्रांचा, म्हणजे डब्यांचा, प्रोग्राम त्याचाच. तो टेबलाच्या लाकडातली एक रेघ नखाने कोरत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तो वर बघेना.

"उद्या देते," ती म्हणाली आणि पेन तसंच ठेवून उठली. जिना ती पाय आपटत उतरली, आपण तिथेच त्या कागदाचे तुकडे का केले नाहीत, या संतापाने.

डबे आले त्याला नऊ वर्षं झाली होती. गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी घरांच्या तीन ओळी. डोंगर थोडाथोडा खाली येतोय असं कळल्यावर ऑफिसने उतारावर एकसष्ट लोखंडी दांडे ठोकले आणि प्रत्येकावर साबणाच्या वडीएवढा एक डबा बसवला. दांडा जरा कलला की डब्याला ते कळायचं, तो शेजारच्या डब्याला सांगायचा, तो पुढच्याला, असं करत निरोप वरच्या मनोऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून ऑफिसात. फार कलला तर पायथ्याशी भोंगा वाजायचा. वायर कुठेच नाही. सगळा कारभार सेलवर.

सेल बदलायला ज्या दोघा पुरुषांना नेमलं होतं, त्यांनी आठवड्याभरात पाठदुखीचे दाखले आणले. ती तेव्हा भांडारात होती. ती म्हणाली, मी जाते. आणि मग नऊ वर्षं तीच जात राहिली. कोणता दांडा कुठल्या झुडपाआड आहे, कोणत्या डब्याचा स्क्रू आटे गेलेला आहे, कोणत्या खडकावर पाय घसरतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. इंजिनिअर मंडळींच्या आधी तिच्याच लक्षात आलं होतं, की मनोऱ्याजवळच्या डब्यांचे सेल सगळ्यांत आधी जातात. ते बिचारे स्वतःचं तर बोलतातच, वर बाकी साऱ्यांचे निरोप पोचवतात. डब्याला खर्च येतो तो बोलण्याचा. आणि कुणी काही बोलेल म्हणून नुसतं कान देऊन बसायचा खर्चही जवळजवळ तेवढाच. गप्प आणि बहिरा झाला, की तोच सेल वर्षानुवर्षं पुरतो.

म्हणून मग सात महिन्यांपूर्वी डब्यांना झोपवायचं ठरलं. दर पाच मिनिटांनी उठणारा डबा आता तासातून एकदा उठणार, "ठीक आहे" एवढं सांगणार आणि पुन्हा झोपणार. पूर्वी जोराचा धक्का बसला तर डबा मधेच जागा व्हायचा. पण शेळ्या दांड्याला अंग घासायच्या, वारा सुटायचा, आणि एक डबा उठला की शेजारच्या चारांना उठवायचा. त्यात सेल फुकट जातात म्हणून ती सोयही बंद झाली. चार महिने टिकणारा सेल आता चार वर्षं टिकणार होता. आधीचे अर्धेमुर्धे संपलेले सेल तेवढे बदलायचे होते. कुठल्याशा मोठ्या बैठकीत साहेबांचं त्याबद्दल कौतुक झालं आणि टाळ्या वाजतानाचा त्यांचा फोटो ऑफिसच्या व्हरांड्यात लागला.

तो बदल समजावून सांगायला चष्मेवाल्याने सगळ्यांना बोलावलं होतं, तेव्हा तिने विचारलं होतं, की मधल्या तासात काही झालं तर कळणार कसं? तो हसला होता. "ताई, डोंगर म्हणजे काय बस आहे का, पाच मिनिटांत निघून जायला? तो महिनोन् महिने सरकत असतो. तासाने काय बिघडतंय?" सगळे हसले. तीही हसली.

तीही हसली, हेच आता तिला विसरता येत नव्हतं.

दरड कोसळली ती लख्ख उन्हात. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते आणि घरोघरी कपडे वाळत होते. अकरा वाजता चौदा नंबरच्या डब्याने "ठीक आहे" म्हणून सांगितलं. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी उताराचा एक लचका सुटला आणि वरच्या ओळीतली पाच घरं त्याखाली गेली. भोंगा वाजला नाही. वाजला कधी, तर बारा वाजता, माणसं हातांनी माती उपसत होती तेव्हा. मनोऱ्याजवळच्या कुठल्याशा डब्याला ठरल्या वेळी जाग आली होती आणि आपला दांडा कललाय हे त्याला कळलं होतं. भोंगा कितीतरी वेळ वाजत राहिला आणि तो बंद कसा करायचा ते कुणाला कळेना.

त्या पाच घरांतलं एक तिच्या नणंदेचं. नणंदेचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. दाराजवळ चटईवर बसून कुणाचं तरी यंत्र उघडलं होतं त्याने, आणि दुरुस्त झालेलं दुसरं एक गिऱ्हाइकाकडे पोचवायला बायकोला पाठवलं होतं. म्हणून वन्सं वाचल्या. भाऊजींना तिसऱ्या दिवशी काढलं.

त्याच दिवशी तिथे, मातीच्या ढिगाऱ्याशेजारी, ऑफिसातला एक माणूस जमलेल्यांना सांगत होता, की चौदाचा सेल गेला होता, नाहीतर भोंगा वाजला असता. वन्संनी ते ऐकलं. त्यांनी मान वळवून भावजयीकडे पाहिलं.

"सेल तू बदलतेस ना?"

एवढंच. मग त्या भावाच्या घरी राहायला आल्या, कारण दुसरं घरच उरलं नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरात तिघं राहू लागली आणि एकोणीस दिवसांत वन्सं भावजयीशी एक अक्षर बोलल्या नाहीत. ताट पुढे केलं की घ्यायच्या, खाऊन धुऊन ठेवायच्या. ती खोलीत आली की भिंतीकडे तोंड करायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे.

कागदाची गोष्ट तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगितली. तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा होता. बाहेरच्या खोलीत बहीण आहे म्हणून हळू आवाजात बोलत होता.

"करून टाक सही. तीन वर्षं राहिलीत तुझी. नोटीसही नाही म्हणाले ना ते?"

"आणि वन्संना काय सांगू? हो, माझ्याच हाताने गेले तुमचे मालक?"

"ताईला तसंही तेच वाटतंय. कागदाने काय फरक पडणार आहे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस हा माणूस दोघींच्या मधून मांजरासारखा पाय न वाजवता वावरत होता. बहिणीला एक शब्द बोलला नाही, की अगं, ही तशी नाही. तिच्या हातातलं पातेलं तिने इतक्या जोरात ठेवलं, की बाहेरच्या खोलीत हालचाल झाली.

"तुम्हाला काय वाटतं? मी बदलला नव्हता सेल?"

त्याने पातेलं सरळ करून ठेवलं. मग म्हणाला, "मला कसं ठाऊक असणार?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. कपाटामागे हात घालून तिने कापडी पिशवी काढली. पिशवीत चौदा नंबरचा डबा होता. भाऊजींना काढलं त्याच दिवशी, त्यांच्या घराच्या दगडांत तो तिला सापडला होता. दांडा वाकलेला, डब्याला एका बाजूने चीर. तिने तिथेच, सगळ्यांकडे पाठ करून, खिशातलं सेल तपासायचं मीटर लावून बघितलं होतं. काटा सरळ भरलेल्या सेलच्या खुणेवर गेला होता. तेव्हा तिला रडू आलं नाही, हायसंही वाटलं नाही. भरलेला सेल घेऊन हा डबा भाऊजींच्या छातीवर आला आणि गप्प राहिला, एवढंच मनात आलं, आणि तो उचलून खडकावर आपटावासा वाटला. पण आपणही हसलो होतो हे आठवून तिने तो कुणालाच, वन्संनाही, न दाखवता पिशवीत घातला होता.

सकाळी ती ऑफिसात गेली. साहेब, चष्मेवाला आणि कागद, तिघंही कालच्याच जागी होते. तिने पिशवीतून डबा काढला आणि कागदावर ठेवला. माती अजून लागलेली होती. ती साहेबांच्या कागदावर सांडली.

"हे कुठून आणलंत?" साहेब ताडकन उठले. "ही चौकशीतली वस्तू आहे. तुम्ही ती घरी ठेवली होती?"

"घरीच पडला होता तो. माझ्या नणंदेच्या." तिने मीटर काढलं, दोन्ही टोकं लावली आणि ते चष्मेवाल्यासमोर धरलं. "वाचा."

"ताई, मी..."

"मोठ्याने वाचा."

त्याने साहेबांकडे पाहिलं. मग मीटरकडे. "तीन पॉइंट सहा व्होल्ट," तो म्हणाला.

"नव्या सेलचा किती असतो?"

"तेवढाच."

"मग हा गप्प का होता?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. तिशीचाही नव्हता तो. "झोपला होता," तो म्हणाला. "बारा वाजता उठणार होता."

"आणि पाच मिनिटांवर असता तर?"

"खालचा भाग आधी हळूहळू सरकला असणार. असं कोसळण्याआधी सरकतोच. वीस मिनिटं तरी मिळाली असती. कदाचित अर्धा तास."

साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. मग ते तिच्यावर घसरले. पुरावा लपवला, सरकारी वस्तू पळवली, पोलिसात देता येईल, घरचं माणूस गेलंय म्हणून आजवर सांभाळून घेतलं, आणि ती बदल्यात खात्याच्या तोंडाला काळं फासायला निघाली. ते बरंच बोलले. ती ऐकत होती. अर्ध्या तासात भोंगा ऐकून वन्सं भाऊजींना न्यायला परत आल्या असत्या. अर्ध्या तासात भाऊजी ते उघडलेलं यंत्र बंद करून, उचलून, कुलूप लावून, शेजारच्या म्हातारीला हाताला धरून खाली आले असते. एवढा वेळ होता. तो या माणसाने सेलसाठी वाचवला होता, आणि व्हरांड्यात फोटो लावून घेतला होता.

"कोरा कागद द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"सही हवीय ना माझी? देते."

साहेबांनी दिला नाही. तिने छापील कागद डब्याखालून ओढला, माती झटकली, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. तिचं अक्षर मोठं, शाळकरी. चौदाचा सेल कोणत्या तारखेला बदलला ते लिहिलं. तो भरलेला आहे, हे कुणासमोर तपासलं ते लिहिलं. डब्यांना तासभर झोपवायचा हुकूम कुणाच्या सहीचा होता ते लिहिलं. मग तिचा हात थांबला. साहेबांना वाटलं, संपलं. पण ती शेवटची ओळ लिहायला धीर गोळा करत होती. "मधल्या तासात काही झालं तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. सगळे हसले. मग मी परत विचारलं नाही, कारण माझे गुडघे दुखतात आणि चढण कमी झाली याचं मला बरं वाटलं होतं." त्याखाली तिने सही केली, पूर्ण नावाने, सावकाश. त्याची एक झेरॉक्स काढून बाहेरच्या टेबलावर आवक शिक्का मारणाऱ्या कारकुनाकडून दोन्ही प्रतींवर शिक्का घेतला. कारकुनाने काही न वाचता शिक्का मारला. एक प्रत तिने पिशवीत घातली.

दुपारी तिला कामावरून दूर केल्याचं पत्र मिळालं. त्याच पत्राच्या जोडीला दुसरा हुकूम निघाला. चौकशी पुरी होईपर्यंत उतारावरचे सगळे डबे बंद करून सील करावेत. खालच्या दोन ओळींत अजून चाळीसेक माणसं राहत होती. त्यांना दुसरीकडे जागा दिलेली नव्हती. ते वाचून ती व्हरांड्यातच मोठ्याने हसली, आणि तिचं तिलाच ते हसू कडू लागलं.

घरी वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि शिक्क्याची प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. वन्संना वाचता येत नसे, म्हणून तिने सगळं तोंडाने सांगितलं. सेल भरलेला होता. डबा झोपलेला होता. आणि गुडघ्यांचंही सांगितलं. ते सांगताना तिने मान खाली घातली नाही.

वन्संनी कागदावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे शेवटचं नसतं सांगितलंस तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. "मला नुसतं त्या ऑफिसवाल्यांवर रागावता आलं असतं."

"मलाही," ती म्हणाली.

वन्संनी कागद उचलून तिच्या हातात परत दिला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघायच्या वेळेला, ती घरातून निघाली. वाटेत एका दुकानातून शिट्टी घेतली, शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांकडे असते तशी. वरच्या ओळीतल्या एका पडक्या घराचा ओटा शिल्लक होता. त्यावर ती उताराकडे तोंड करून बसली. काय बघायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. दांडे अजून उभे होते, त्यांच्यावरचे डबे बंद का असेनात. खालच्या ओळीतला एक माणूस येऊन विचारून गेला, की ताई, इथे कशाला बसलात उन्हात? ती म्हणाली, डोंगराकडे बघायला. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याच्या घरातून एक जुनी छत्री आली. ऑफिसची जीप एकदा येऊन थांबली, काच खाली झाली, वर झाली, जीप निघून गेली. तिला इतका राग आला, की तिने दगड उचलून हातात घेतला. मग तो तसाच बाजूला ठेवला, कारण नजर हटवायची नव्हती.

असे तीन दिवस गेले. संध्याकाळी खालच्या घरांतली माणसं आळीपाळीने येऊन बसत, सकाळी ती परत येई. घरी नवरा तिच्याशी बोलायला बघे. ती बोलत नसे.

चौथ्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारी मागे चपलांचा आवाज झाला. तिने मान वळवली नाही. ते पाय तिच्या ओळखीचे होते. वन्सं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांच्या शेजारणीची चूल असायची, तिथे उभ्या राहिल्या. एकेकाळी त्यांचं दार होतं त्या बाजूला त्यांनी बघितलं नाही. वर बघितलं.

"काय बघत असतेस?"

"तो वाकडा दांडा दिसतो? आणि त्याच्या मागचं ते काटेरी झुडूप? दोन्ही एका रेषेत आहेत. दांडा झुडपाच्या डावीकडे गेला, की समजायचं. आणि बारीक खडे घरंगळायला लागले, की थांबायचं नाही, लगेच वाजवायची."

वन्सं डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. भावजयीने गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"जा, पाणी पिऊन ये," वन्सं म्हणाल्या. "मी बघते."

ती उठली. गुडघा कडकन वाजला. नळ खालच्या ओळीत होता, शंभरेक पावलांवर. ओंजळीने पाणी पिऊन, तोंडावर मारून तिने वर पाहिलं. वन्सं ओट्यावर ताठ बसल्या होत्या. छत्री उघडलीच नव्हती, ती बाजूला पडली होती. शिट्टी त्यांनी ओठांत धरून ठेवली होती.